अंगावरून पांढरे जाणे : तक्रार एक, अवस्था अनेक
योनिगत जंतु-असंतुलनाची लक्षणे ओळखण्याविषयी

प्रास्ताविक

भोर व वेल्हे (राजगड) या डोंगरी तालुक्यांत वैद्यकी करणाऱ्या प्रत्येक वैद्याच्या आणि औषध विक्रेत्याच्या कानांवर वारंवार पडणारे एक वाक्य आहे : ‘अंगावरून पांढरं जातंय, काहीतरी द्या.’ पुष्कळदा हे वाक्य रुग्णा स्वतः उच्चारत नाही. बाजाराला आलेला पती, सासू किंवा जाऊ ते सांगते आणि औषध घेऊन गावी परतते. रुग्णेस न पाहता, दोन प्रश्नही न विचारता औषध दिले जाते. कधी ते चूर्ण असते, कधी आसव, तर कधी योनीत ठेवावयाची वडी. काही दिवस बरे वाटते, पुन्हा तक्रार सुरू होते आणि पुन्हा तेच औषध नेले जाते.

‘पांढरे जाणे’ हे व्याधीचे नाव नसून रुग्णेच्या तक्रारीचे नाव आहे. ही तक्रार प्राकृत स्रावाची असू शकते, योनीतील जंतूंचे संतुलन ढळल्याची असू शकते, बुरशीची असू शकते आणि क्वचित गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पहिली सूचनाही असू शकते. या सर्वांना एकच औषध देणे शास्त्रसंमत नाही. म्हणून या अवस्था परस्परांपासून वेगळ्या कशा ओळखाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तक्रार आणि विकृती यांचा संबंध

या विषयावर महाराष्ट्रात व गोव्यात झालेले दोन अभ्यास प्रत्येक चिकित्सकाने लक्षात ठेवावेत असे आहेत.

पहिला अभ्यास गडचिरोली जिल्ह्यातील. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रार सांगितली, ४५ टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. प्रत्यक्ष तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक व्याधी आढळल्या. एकूण व्याधींपैकी निम्म्या जननमार्गाच्या जंतुसंसर्गाच्या होत्या. यापूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. म्हणजे तक्रार नाही म्हणून व्याधी नाही, असे म्हणता येत नाही.

दुसरा अभ्यास गोव्यातील. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास करून २००५ साली तो प्रसिद्ध केला. योनिस्रावाची तक्रार करणाऱ्या स्त्रियांत जंतुसंसर्गाशी असलेला संबंध क्षीण आढळला. मानसिक ताण व सामाजिक अडचणी यांच्याशी असलेला संबंध त्याहून दृढ होता. म्हणजे तक्रार आहे म्हणून जंतुसंसर्ग आहेच, असेही म्हणता येत नाही.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले असता निष्कर्ष स्पष्ट होतो. केवळ तक्रार ऐकून दिलेले औषध एकीकडे गरज नसलेल्या स्त्रीस दिले जाते आणि दुसरीकडे गरज असलेल्या स्त्रीस मिळत नाही. प्रश्न, दर्शन व स्पर्शन या त्रिविध परीक्षेला येथे पर्याय नाही.

प्राकृत अवस्था

विकृती ओळखण्यापूर्वी प्रकृती ठाऊक असावी लागते. प्रजननक्षम वयात योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू बहुसंख्येने असतात. जर्मन वैद्यक डोडरलाइन यांनी १८९२ साली त्यांचे वर्णन केले. योनीच्या अंतःत्वचेतील ग्लायकोजेनपासून ते लॅक्टिक आम्ल निर्माण करतात. त्यामुळे योनीचा पी.एच. साधारणतः ३.८ ते ४.५ एवढा आम्लधर्मी राहतो आणि अन्य जंतूंना वाढीस वाव मिळत नाही. हे आम्लत्व म्हणजे योनीचे स्वाभाविक संरक्षण होय.

प्राकृत स्राव पांढरा वा पारदर्शक, दुर्गंधरहित असून त्याने कंडू वा दाह होत नाही. ऋतुचक्राच्या मध्यावर तो पातळ व तार येणारा असतो, रजःस्रावापूर्वी किंचित घट्ट होतो, गर्भिणी अवस्थेत वाढतो. वस्त्रावर वाळल्यानंतर तो पिवळसर दिसतो, एवढ्यावरून त्यास विकृत समजू नये. अशा स्त्रीस औषधाची नव्हे, तर समजावून सांगण्याची आवश्यकता असते. ‘धातू जातो, हाडे झिजतात’ या समजुतीने अनेक स्त्रिया भयभीत असतात. त्यांच्या अशक्तपणाचे व कंबरदुखीचे कारण पुष्कळदा पांडुरोग, अतिश्रम व अपुरा आहार यांत सापडते. हिमोग्लोबिन तपासून त्याची चिकित्सा केल्यास रुग्णेस खरा उपशय मिळतो.

ग्रंथोक्त विचार

बृहत्त्रयीत श्वेतप्रदर हा स्वतंत्र व्याधी म्हणून सविस्तर वर्णिलेला नाही. योनिस्राव हे अनेक योनिव्यापदांचे लक्षण म्हणून येते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात, सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील अडतिसाव्या अध्यायात आणि अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातील गुह्यरोगविज्ञानीय अध्यायात वीस योनिव्यापदे सांगितली आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांपैकी पुढील महत्त्वाची :

श्लैष्मिकी – स्राव पिच्छिल व पांडुवर्ण, कंडू, शैत्य, वेदना अल्प.
पैत्तिकी – दाह, पाक, ज्वर, उष्ण व कुणपगंधी स्राव.
अचरणा – अस्वच्छतेमुळे जंतू उत्पन्न होऊन तीव्र कंडू.
उपप्लुता – गर्भिणीस होणारा श्वेत कफस्राव, तोद.
परिप्लुता – योनी शोथयुक्त व स्पर्शासह, ज्वर, कटी-वंक्षण-पृष्ठशूल.

ही वर्णने किती सूक्ष्म निरीक्षणावर आधारलेली आहेत, हे वेगळे सांगावयास नको. तथापि अमुक योनिव्यापद म्हणजे अमुक जंतू, असे थेट समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. जंतु-असंतुलनात पुष्कळदा कंडू नसतो, दाह नसतो, वेदनाही नसते. केवळ पातळ स्राव व गंध असतो. श्लैष्मिकी वा पैत्तिकी यांपैकी एकाही चौकटीत ही अवस्था पूर्णतः बसत नाही. दोषविचार चिकित्सेची दिशा ठरविण्यासाठी अवश्य करावा, पण त्याने प्रत्यक्ष परीक्षणाची जागा घेऊ नये.

जंतु-असंतुलन : संप्राप्ती व लक्षणे

आधुनिक शास्त्रात या अवस्थेस बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. गार्डनर व ड्यूक्स यांनी १९५५ साली तिचे वर्णन केले. हा बाहेरून आलेल्या एकाच जंतूचा रोग नव्हे. लॅक्टोबॅसिलस जंतू घटतात, आम्लत्व कमी होते आणि गार्डनरेला व प्राणवायूविना वाढणारे अन्य जंतू अनेक पटींनी वाढतात. म्हणूनच यास शोथ न म्हणता असंतुलन म्हणणे योग्य. ही अवस्था असलेल्या सुमारे निम्म्या स्त्रियांना कोणतेही लक्षण जाणवत नाही, हेही ध्यानात असावे. लक्षणे असतात तेव्हा ती अशी :

१. स्राव पातळ, एकसारखा, करडा-पांढरा. योनिभित्तीवर दुधाच्या थरासारखा पसरलेला.
२. मासळीसारखा गंध. आपल्याकडील स्त्रिया ‘कुबट वास’ किंवा ‘सुकटासारखा वास’ असे सांगतात. मैथुनानंतर व रजःस्रावाच्या काळात तो वाढतो. शुक्र व रक्त हे दोन्ही क्षारधर्मी असल्याने जंतूंनी निर्माण केलेली अमाइन द्रव्ये त्यांच्या संयोगाने वायुरूप होऊन गंध प्रकट होतो.
३. कंडू नाही वा अत्यल्प. योनी आरक्त वा सुजलेली नाही.

गंधाचा प्रश्न रुग्णा आपण होऊन सांगत नाही, तो चिकित्सकाने विचारावा लागतो. ‘ताई, वास येतो का? मालकांजवळ गेल्यावर किंवा पाळीच्या दिवसांत जास्त येतो का?’ एवढ्या साध्या शब्दांत विचारल्यास बहुतेक स्त्रिया संकोच सोडून उत्तर देतात. प्रश्न एकांतात विचारावा. सासू वा पती समोर असताना मिळालेले उत्तर विश्वसनीय मानू नये.

व्यवच्छेदक निदान

बुरशीजन्य योनिशोथ (कँडिडा) : तीव्र कंडू हे प्रधान लक्षण. स्राव दह्याच्या गुठळ्यांसारखा, दुर्गंधरहित. योनी व भग आरक्त, मूत्रप्रवृत्तीच्या वेळी बाहेरील त्वचेची आग. पी.एच. बहुधा प्राकृतच राहतो. गर्भिणी, मधुमेही आणि प्रतिजैविकांचा नुकताच वापर केलेल्या स्त्रियांत विशेष. वारंवार होत असल्यास रक्तशर्करा अवश्य तपासावी. आषाढ-श्रावणात भातलावणीच्या वेळी दिवसभर ओल्या वस्त्रांत राहणाऱ्या स्त्रियांत वंक्षण प्रदेशी त्वचेची बुरशी व कंडू ही तक्रार येते. ती योनीतील आहे की केवळ बाह्य त्वचेची, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

ट्रायकोमोनास : स्राव पिवळा-हिरवट, कधी फेसाळ, दुर्गंधयुक्त, कंडू व दाह दोन्ही. पी.एच. ४.५ हून अधिक. हा मैथुनाद्वारे पसरणारा संसर्ग असल्याने पतीची चिकित्सा एकाच वेळी करणे आवश्यक. ती न केल्यास स्त्रीस पुनःपुन्हा संसर्ग होतो आणि औषधाला मात्र दोष लागतो.

गर्भाशयमुखाचा शोथ : स्राव पूयमिश्रित असून योनीतून नव्हे, तर गर्भाशयमुखातून येताना दिसतो, स्पर्श होताच रक्त येते. योनिवीक्षण यंत्राविना हे निदान होऊ शकत नाही.

रजोनिवृत्तीनंतरची रूक्षता : स्राव अल्प, रूक्षता, दाह, मैथुनकाली वेदना. या वयात पी.एच. स्वभावतःच ४.५ हून अधिक असतो, म्हणून केवळ त्यावरून असंतुलनाचे निदान करू नये.

एकाच रुग्णेत दोन अवस्था एकत्र असू शकतात, हेही विसरू नये.

ग्रामीण चिकित्सालयात शक्य असलेले परीक्षण

१९८३ साली ॲमसेल व सहकाऱ्यांनी चार निकष मांडले. पैकी कोणतेही तीन असल्यास जंतु-असंतुलनाचे निदान करता येते : (१) वर सांगितल्याप्रमाणे पातळ एकसारखा स्राव, (२) पी.एच. ४.५ हून अधिक, (३) स्रावात १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच मासळीसारखा गंध येणे, (४) सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी झाकलेल्या, कडा अस्पष्ट झालेल्या पेशी, ज्यांना क्लू सेल म्हणतात, त्या अंतःत्वचेच्या पेशींपैकी २० टक्क्यांहून अधिक दिसणे.

यांतील पहिल्या तीन निकषांना प्रयोगशाळा लागत नाही. योनिवीक्षण यंत्र, पी.एच. कागद व एक रसायन एवढे पुरते. चरकाचार्यांनी रसनेंद्रिय वगळून अन्य इंद्रियांनी रुग्णपरीक्षा करावी असे सांगितले आहे, त्यात गंधपरीक्षा येतेच. चौथ्या निकषासाठी लवणजलातील स्लाइड ताबडतोब पाहावी. त्याच स्लाइडवर हालचाल करणारे ट्रायकोमोनासही दिसू शकतात. ज्या प्रयोगशाळेत ग्रॅम रंजन होते, तेथे न्यूजेंट यांची १९९१ सालची गुणपद्धती वापरता येते : ० ते ३ प्राकृत, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० असंतुलन.

परीक्षणात पुढील पथ्ये पाळावीत. नमुना योनीच्या बाजूच्या भित्तीवरून घ्यावा, गर्भाशयमुखाजवळून नव्हे, कारण तेथील श्लेष्मा क्षारधर्मी असतो. रजःस्राव चालू असताना, मैथुनानंतर लगेच किंवा योनीत औषध ठेवले असल्यास पी.एच.वर विसंबू नये. रुग्णेने आदल्या दिवसापासून योनिधावन केलेले नसावे. रुग्णेची संमती, एकांत आणि पुरुष वैद्य असल्यास स्त्री-परिचारिकेची उपस्थिती अनिवार्य समजावी. ही सोय नसेल तर परीक्षण न करता रुग्णेस योग्य ठिकाणी पाठविणे श्रेयस्कर.

विलंब न करता पाठवावयाच्या रुग्णा

पुढीलपैकी काहीही आढळल्यास चूर्ण-वटी देऊन वाट पाहू नये :

१. ओटीपोटात शूल, ज्वर, गर्भाशयमुख हलविताच वेदना – जंतुसंसर्ग वर गर्भाशय व बीजवाहिनीपर्यंत पोहोचल्याची शक्यता.
२. पाळी चुकलेली असून शूल वा रक्तस्राव – गर्भाशयाबाहेरील गर्भ असू शकतो. हा प्राणघातक प्रसंग आहे.
३. गर्भिणीचा दुर्गंधी स्राव किंवा अंगावरून पाणी जाणे. असंतुलनाचा अकाली प्रसूतीशी संबंध आढळला आहे.
४. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तमिश्रित स्राव, मैथुनानंतर रक्त येणे, पाण्यासारखा पण अत्यंत दुर्गंधी स्राव – गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शंका.
५. प्रसूती वा गर्भपातानंतरचा दुर्गंधी स्राव व ज्वर.
६. लहान मुलीस योनिस्राव – योनीत अडकलेली वस्तू किंवा अत्याचार यांचा विचार करावा. अत्याचाराची शंका असल्यास २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार ती कळविणे चिकित्सकावर बंधनकारक आहे.

चौथ्या मुद्द्याविषयी थोडे अधिक. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. एच.पी.व्ही. विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुख कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ साली त्यातून सिद्ध झाले. म्हणून तिशीपुढील रुग्णेस ‘पांढरे जाण्या’च्या निमित्ताने गर्भाशयमुखाच्या तपासणीचा सल्ला द्यावा. ती दुसऱ्यांदा येईलच, अशी खात्री नसते.

भोर व वेल्हे येथील शासकीय रुग्णालये जवळची आहेत, पुढील तपासणीसाठी पुण्याचे ससून रुग्णालय आहे. जननमार्ग संसर्गासाठी शासकीय रुग्णालयांतून ‘सुरक्षा क्लिनिक’ चालविली जातात व तेथे औषधे विनामूल्य मिळतात. चिठ्ठीवर आढळलेली लक्षणे व दिलेले औषध स्पष्ट लिहावे.

चिकित्सेविषयी

लक्षणयुक्त जंतु-असंतुलनात मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, हा मान्य उपचार आहे. तरीही वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांत ही अवस्था पुन्हा उद्भवते. पुनरुद्भवाचे एक कारण अलीकडे स्पष्ट झाले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात स्त्रीबरोबर तिच्या पतीसही तोंडावाटे व लेपरूपाने औषध दिले असता बारा आठवड्यांतील पुनरुद्भव ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आला. आजवर केवळ स्त्रीवर लादलेला हा आजार दांपत्याचा म्हणून पाहावा लागेल, असा त्याचा अर्थ आहे.

आयुर्वेदीय उपक्रमांत पुष्यानुग चूर्ण तांदळाच्या धुवणाबरोबर, लोध्रासव, चंद्रप्रभा वटी ही योजना आपल्या परिचयाची आहे. ती दोष, अग्नी व बल पाहून जरूर करावी. मात्र निदान झालेल्या संसर्गात, विशेषतः ट्रायकोमोनास व गर्भाशयमुखाच्या शोथात, जंतुघ्न उपचार थांबवून केवळ यांवर विसंबणे योग्य नव्हे.

स्थानिक चिकित्सेबाबत विशेष विवेक हवा. योनिधावन, पिचुधारण व धूपन हे ग्रंथोक्त उपक्रम आहेत. पण ते विशिष्ट अवस्थेत, मर्यादित काळ, वैद्याच्या देखरेखीखाली करावयाचे आहेत. नियमित योनिधावन करणाऱ्या स्त्रियांत जंतु-असंतुलनाचे प्रमाण अधिक आढळते, कारण त्याने हितकर जंतूही धुतले जातात. म्हणून निरोगी स्त्रीस ‘स्वच्छतेसाठी’ रोज धावन सांगू नये. गर्भिणी, सूतिका, ज्वर वा ओटीपोटात शूल असलेली स्त्री यांत धावन वर्ज्य समजावे. क्वाथ ताजा, उकळून गाळलेला व कोमट असावा, उपकरण निर्जंतुक असावे. साबण, जंतुनाशक द्रव व तुरटीचे खडे यांचा योनीत वापर करू नये, हे प्रत्येक रुग्णेस स्पष्ट शब्दांत सांगावे. बाह्य अंग साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे.

औषध विक्रेत्यांसाठी

१. रुग्णेऐवजी दुसरी व्यक्ती औषध मागत असल्यास निदान चार गोष्टी विचाराव्यात : वय काय, गरोदर आहे का, ताप वा ओटीपोटात दुखते का, रक्त जाते का. एकाचेही उत्तर ‘होय’ असल्यास किंवा वय चाळिशीपुढे असल्यास औषध न देता तपासणीस पाठवावे.
२. प्रतिजैविक, बुरशीनाशक व स्टेरॉइड यांची मिश्रणे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. लक्षणे दबतात, निदान अवघड होते.
३. शासकीय किट क्रमांक २ मध्ये, म्हणजे हिरव्या पेटीत, सेक्निडॅझोल २ ग्रॅम व फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम असते. तिचे अनुकरण करून गर्भिणीस तोंडावाटे फ्लुकोनॅझोल देऊ नये.
४. सुगंधी योनिप्रक्षालक द्रव ‘पांढरे जाण्याचे औषध’ म्हणून सुचवू नयेत.
५. एकच ग्राहक तेच औषध तिसऱ्यांदा मागत असल्यास तो पुनरुद्भव आहे, हे ओळखून वैद्याकडे पाठवावे.
६. पी.एच. कागद दुकानात ठेवावा. परिसरातील वैद्यांची त्याने मोठी सोय होईल.

समारोप

कंडू प्रधान असता बुरशी, गंध प्रधान असता जंतु-असंतुलन, कंडू-दाह-गंध व पिवळा-हिरवट स्राव एकत्र असता ट्रायकोमोनास, शूल वा रक्त असता त्वरित पाठवणी आणि यांपैकी काहीच नसता धीर व रक्ताची तपासणी, एवढे सूत्र चिकित्सालयाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. सूत्राने दिशा मिळते, निश्चय मात्र परीक्षणानेच होतो. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीवरून निम्मा दिवस मोडून आलेली स्त्री जेव्हा ‘काहीतरी द्या’ म्हणते, तेव्हा तिला प्रथम द्यावयाची गोष्ट म्हणजे एकांत, दोन प्रश्न आणि योग्य परीक्षण होय. औषधाचा क्रम त्यानंतरचा.